फोटोशॉप रखडतंय? नवीन कॉम्प्युटर घेण्याआधी हे तपासून बघा

तुळशीची लग्नं लागली की तारखा सुरू होतात आणि तिथून थेट उन्हाळ्यापर्यंत गावोगावच्या फोटो स्टुडिओवाल्यांना फुरसत नसते. शूटिंग एका दिवसाचं असतं, पण खरं काम घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसल्यावर सुरू होतं. तिकडून पार्टी अल्बमसाठी फोनवर फोन करत असते आणि इकडे फोटोशॉपमध्ये एक ब्रश मारला की निळं चक्र फिरत बसतं. सेव्हचं बटण दाबावं आणि चहा पिऊन यावं, अशी गत. दोन दिवसांच्या अल्बमला पाच दिवस लागले की पैसेही अडकतात, कारण आपल्याकडे राहिलेली रक्कम अल्बम हातात पडल्यावरच मिळते.

अशा वेळी दुरुस्तीवाला मशीनकडे एक नजर टाकतो आणि सांगून मोकळा होतो, “भाऊ, डबा झालाय हा, आता नवीन घ्या.” ऐन सीझनमध्ये माणूस घाईत असतो, हप्त्यावर नवीन मशीन उचलतो. ते कधी कधी खरंच लागतं. पण पुष्कळदा अडचण एकाच ठिकाणी असते आणि ती शोधायला दहा मिनिटं पुरतात. त्यात काही गोष्टी फुकटात सुटतात, काहींना एखादा पार्ट लागतो. लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, शाळेच्या आयकार्डचे फोटो असं काम घरच्या कॉम्प्युटरवर करणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

आधी फाईलचं खरं वजन समजून घ्या

मेमरी कार्डमधला जेपीईजी फोटो ८-१० एमबीचा दिसतो. पण हा आकडा दाबून बांधलेल्या गाठोड्याचा आहे. फोटोशॉपमध्ये उघडला की गाठोडं सुटतं. २४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सलचा असतो, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट लागतात. म्हणजे तोच ८ एमबीचा फोटो मेमरीत ७२ एमबी जागा घेऊन बसतो. कंट्रोल-जे दाबून लेयरची कॉपी केली की आणखी ७२. रॉ फाईल १६ बिटमध्ये उघडली असेल तर हे सगळं दुप्पट.

आता अल्बमचं पान घ्या. १२ बाय ३६ इंचाचं पान, ३०० डीपीआय. ते ३६०० बाय १०,८०० पिक्सल होतं. नुसतं कोरं पानच ११६ एमबीचं. त्यावर सात-आठ फोटो, प्रत्येकाला मास्क, वर तयार पीएसडी टेम्प्लेटमधली फुलं, झुंबरं, चमचमणाऱ्या कडा. एक पान पाचशे-सहाशे एमबीवर सहज जातं. आणि आपली सवय अशी, की सहा पानं एकदम उघडी ठेवायची. झाले तीन-साडेतीन जीबी. मशीनमध्ये रॅम ४ जीबी, त्यातला बराच भाग विंडोजने आधीच घेतलेला. मग कॉम्प्युटर रडणार नाही तर काय करणार?

म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा आहे. ज्या पानावर काम चालू आहे तेवढंच उघडं ठेवा, झालेलं सेव्ह करून बंद करा. अल्बममध्ये लहान चौकटीत टाकायचा फोटो आधी लहान करून मग पानावर आणा. पानाच्या बाहेर गेलेला फोटोचा भाग डोळ्याला दिसत नाही, पण फोटोशॉप तो सांभाळून ठेवतं. मांडणी पक्की झाल्यावर सिलेक्ट ऑल करून इमेज मेन्यूतलं क्रॉप दिलं की तो लपलेला भाग कापला जातो आणि फाईल हलकी होते. मात्र त्यानंतर फोटो चौकटीत सरकवता येत नाही, तेव्हा पार्टीने पान पास केल्यावरच हे करा. टेम्प्लेटमधले डोळा बंद करून ठेवलेले लेयर, जे कधीच वापरणार नाही, तेही उडवून टाका. बंद लेयर म्हणजे वजन नाही, असं नसतं.

बॅनरवाल्यांचं तर वेगळंच. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स कुणी ३०० डीपीआयवर बनवायला घेतला, तर तो ३६,००० बाय ७२,००० पिक्सल होतो. कोरी फाईलच पावणेआठ जीबीच्या घरात. साध्या पीएसडीत ती सेव्हसुद्धा होणार नाही, कारण पीएसडीची मर्यादा ३०,००० पिक्सलची आहे. हाच फ्लेक्स ७२ डीपीआयवर साडेचारशे एमबीत बसतो आणि ४० वर घेतला तर १४० एमबीच्या आत. चौकातला बॅनर लोक पंधरा-वीस फुटांवरून बघतात, नाक लावून नाही. किती डीपीआय पुरेल ते छापणाऱ्याला एकदा विचारून घ्या. तीनशेचा आग्रह अल्बमला आणि पासपोर्ट फोटोला ठीक आहे, फ्लेक्सला तो निव्वळ वेळेची नासाडी.

नेमकं अडतंय कुठे?

दुखणं शोधायचं तर मशीन अडलेलं असतानाच बघावं लागतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर क्लिक करा, खिडकी एका कोपऱ्यात ठेवा आणि मग फोटोशॉपमध्ये तेच काम करा जे तुम्हाला रखडवतं. मोठं पान उघडा, एखादा फिल्टर मारा, सेव्ह करा. डोळा चार आकड्यांवर ठेवायचा: सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्के, असं दिसलं तर रॅम कमी पडतेय. मेमरी निम्मीच भरलेली, सीपीयूही शांत, पण डिस्क मात्र १०० वर चिकटलेली, तर हार्ड डिस्क हे दुखणं. सीपीयू शंभरावर आणि बाकी सगळं निवांत, तर प्रोसेसर थकलाय किंवा मशीन तापलंय. आणि सगळंच निवांत असूनही स्क्रीन अडखळत असेल तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर किंवा एखाद्या सेटिंगवर संशय घ्यावा.

फोटोशॉपमध्येही एक छोटी खूण आहे. खिडकीच्या तळाशी डाव्या बाजूला जिथे डॉक्युमेंटची साईज दिसते, तिथल्या बाणावर क्लिक करून एफिशियन्सी निवडा. १०० टक्के दिसत असेल तर काम रॅममध्येच भागतंय. आकडा घसरला की समजायचं, रॅम संपली आणि फोटोशॉप डिस्कवर जागा शोधतंय. ७०-८० वर येऊन तिथेच रेंगाळला तर सेटिंगमध्ये कितीही खटपट करा, फार फरक पडणार नाही.

रॅम वाढवा, पण आधी दोन गोष्टी विचारा

पहिली गोष्ट, विंडोज किती बिटचं आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट इथे ते लिहिलेलं असतं. ३२ बिट असेल तर ८ जीबी रॅम टाकून उपयोग नाही, कारण ते साधारण तीन-साडेतीन जीबीच्या पुढे वापरतच नाही. ६४ बिटचं विंडोज नव्याने टाकावं लागतं. जुन्या मशीनवर हा घोळ अजूनही सापडतो.

दुसरी गोष्ट, तुमचं फोटोशॉप कुठलं आहे. आपल्याकडे कित्येक स्टुडिओंत आजही ७.० चालतं. हात बसलाय, टूल पाठ आहेत, म्हणून कुणी बदलत नाही. पण ती आवृत्ती २००२ सालची. ती साधारण २ जीबीपलीकडे रॅम वापरू शकत नाही. विंडोजवर ६४ बिटमध्ये चालणारं पहिलं फोटोशॉप म्हणजे २००८ चं सीएस ४. म्हणजे १६ जीबी रॅम टाकून त्यावर ७.० चालवणं म्हणजे ट्रकची ट्रॉली दुचाकीला जोडण्यातला प्रकार. सध्याच्या आवृत्त्यांसाठी अडोबी कमीत कमी ८ जीबी सांगते आणि १६ ची शिफारस करते. अल्बमच्या कामाला माझ्या मते १६ हीच खरी सुरुवात. ८ मध्ये काम होतं, पण सोबत क्रोममध्ये दहा टॅब आणि व्हॉट्सअॅप वेब उघडं ठेवायची चैन परवडत नाही.

रॅम घेताना डीडीआर ३ की डीडीआर ४ हे बघावंच लागतं, एकाची दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट आहेत, किती भरलेत आणि स्पीड काय, ते दिसतं. त्याचा मोबाईलवर फोटो काढून दुकानात न्या. एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या टाकलेल्या बऱ्या, मेमरीचा वेग वाढतो.

नवी रॅम टाकली की फोटोशॉपला तसं सांगावंही लागतं. एडिट, प्रेफरन्सेस, परफॉर्मन्स इथे मेमरीची पट्टी असते. मुळात ती ७० टक्क्यांच्या आसपास असते. फक्त फोटोशॉपच चालवत असाल तर ८० पर्यंत न्या. १०० करण्याचा मोह नको. विंडोजलाच श्वास घ्यायला जागा उरली नाही तर सगळं मशीन अडतं, आणि मग लोक म्हणतात, सेटिंग केली आणि उलट स्लो झालं.

सगळ्यात मोठा फरक: एसएसडी

एकच गोष्ट करण्याइतके पैसे असतील आणि मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दुसरा विचार न करता एसएसडी घ्या. कारण सोपं आहे. हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, आणि एक सुई पुढे-मागे सरकत माहिती शोधते. फाईल सलग असेल तर सेकंदाला १००-१५० एमबी वाचते, पण तुकडे इकडेतिकडे विखुरलेले असले की प्रत्येक तुकड्यासाठी सुईला धावावं लागतं आणि वेग पार कोसळतो. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. साधी साटा एसएसडीही सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते आणि विखुरलेल्या तुकड्यांत तर हार्ड डिस्क तिच्या आसपासही फिरकत नाही.

जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसते. मदरबोर्डवर एम डॉट टू ची खाच असेल तर एनव्हीएमई प्रकारची घेता येते, ती आणखी वेगवान. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडी बसवतात. एसएसडी मूळ जागी लावायची आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत. दोन्ही चालतात. विंडोज आणि फोटोशॉप एसएसडीवर, गेल्या सीझनचे अल्बम हार्ड डिस्कवर. चालू काम मात्र एसएसडीवरच ठेवा. नाहीतर एसएसडी लावून फाईल जुन्या डिस्कवरूनच उघडत बसायचं, मग फायदा कसला?

इथेच एक गोष्ट बजावून सांगायला हवी. डिस्क अचानक स्लो झाली असेल, आतून टकटक आवाज येत असेल, काही फाईल उघडताना अडकत असतील, तर ती स्लो नाही, ती मरायला टेकलीय. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. त्यात पिवळं किंवा लाल दिसलं तर आधी सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करा, डीफ्रॅग वगैरे काहीही करू नका. लग्न पुन्हा लागत नाही. कुणाच्या वडिलांचा शेवटचा फोटो त्या हळदीच्या फोटोंमध्ये असू शकतो. अल्बम उशिरा दिला तर पार्टी चिडेल, पण फोटोच गेले तर सांगायला तोंड राहणार नाही.

स्क्रॅच डिस्क आणि लाईट गेल्यावर उरणारा कचरा

रॅम कमी पडली की फोटोशॉप डिस्कवर तात्पुरती फाईल बनवून काम भागवतं. त्या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात. “स्क्रॅच डिस्क फुल” हा मेसेज बघितला नाही असा स्टुडिओवाला सापडायचा नाही. सी ड्राइव्हवर दोन-चार जीबीच जागा उरली असेल तर हे होणारच. प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्कची यादी असते. तिथे एसएसडीवरची, भरपूर मोकळी जागा असलेली ड्राइव्ह निवडा. मेसेजमुळे फोटोशॉप उघडतच नसेल, तर सुरू करताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, स्क्रॅच डिस्क बदलायची चौकट आधी येते.

आता आपल्याकडची खास अडचण. फोटोशॉप नीट बंद केलं तर ही तात्पुरती फाईल ते स्वतः पुसून टाकतं. पण काम चालू असताना लाईट गेली आणि यूपीएस नसेल, तर ती फाईल तिथेच पडून राहते. असं महिन्यात आठ-दहा वेळा झालं की कित्येक जीबीचा कचरा साठतो आणि माणूस विचार करत बसतो, मी तर काहीच टाकलं नाही, मग सी ड्राइव्ह भरली कशाने? फोटोशॉप पूर्ण बंद करा, विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये जा आणि ‘फोटोशॉप टेम्प’ या नावाने सुरू होणाऱ्या फाईली शोधून पुसा. स्क्रॅच डिस्क डी ड्राइव्हवर असेल तर त्या डी मध्ये थेट वरच दिसतील. यूपीएसची बॅटरी पाच-दहा मिनिटं जरी टिकली तरी सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो, तेवढ्यासाठी तरी ती बदलून घ्यावी.

मराठी फॉन्टचा ढीग

हे कुठल्याही इंग्रजी व्हिडिओत सांगत नाहीत, कारण ही आपली भानगड आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव, शिवाय कुणीतरी पेनड्राइव्हमधून दिलेलं “दोन हजार मराठी कॅलिग्राफी फॉन्ट” असं फोल्डर. सगळं एका झटक्यात विंडोजच्या फॉन्ट्समध्ये ओतलेलं असतं. त्यातले वापरात येतात दहा-पंधरा. पण फोटोशॉप सुरू होताना प्रत्येक फॉन्ट तपासतं आणि टाइप टूल घेऊन फॉन्टची यादी उघडली की प्रत्येकाचा नमुना काढून दाखवायला जातं. सुरू व्हायला मिनिटं लागत असतील, किंवा टाइप टूल घेतल्यावरच मशीन अडत असेल, तर दोष बहुधा इथे आहे.

फॉन्टचं मूळ फोल्डर डी ड्राइव्हवर जपून ठेवा, विंडोजमध्ये मात्र नेहमी लागतात तेवढेच इन्स्टॉल ठेवा. विंडोजचे स्वतःचे फॉन्ट चुकून उडवू नका. टाइप मेन्यूत फॉन्ट प्रिव्ह्यू साईज असते, ती नन करा म्हणजे नमुने काढणं थांबेल. एखादी जुनी पत्रिका उघडताना फॉन्ट नाही असं दाखवलं तर त्या वेळी तो एक इन्स्टॉल करायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

बारीकसारीक सेटिंग

परफॉर्मन्समध्येच हिस्टरी स्टेट्स असतात, म्हणजे किती पावलं मागे जाता येईल. जुन्या आवृत्त्यांत हा आकडा २०, नव्यांत ५०. काही जण तो २०० करून ठेवतात. अख्ख्या पानावर फिल्टर मारला की त्या एका पावलासाठी फोटोशॉप पूर्ण पान आठवणीत ठेवतं, तेव्हा २० पुरे. काम मध्येच जड वाटायला लागलं तर एडिट मेन्यूत पर्ज, ऑल. मेमरी मोकळी होते. पण त्यानंतर मागे जाता येत नाही, आधी सेव्ह करा.

सेव्हलाच फार वेळ लागत असेल तर फाईल हँडलिंगमध्ये पीएसडीचं कॉम्प्रेशन बंद करायचा पर्याय नव्या आवृत्त्यांत आहे. फाईल मोठी होते, पण सेव्ह पटकन होतं. जागा भरपूर असेल तरच करा. लेयर पॅनेलमधली छोटी चित्रं बंद केली तर पन्नास-साठ लेयरच्या फाईलमध्ये थोडा फरक जाणवतो. झूम करताना किंवा ब्रश फिरवताना स्क्रीन फाटल्यासारखी दिसत असेल तर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर कंपनीच्या साईटवरून अपडेट करा. तरीही तेच, तर यूज ग्राफिक्स प्रोसेसरची खूण काढून बघा. जुन्या मशीनवर कधी कधी ती काढल्यानेच काम सुरळीत होतं.

पेनड्राइव्हवरून किंवा कार्ड रीडरमधून थेट फोटो उघडून काम करणं ही आणखी एक सवय. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच येतात. आधी कॉपी करा, मग उघडा. कॉपीसाठी यूएसबी ३ चं पोर्ट वापरा, बहुतेक मशीनवर ते आतून निळं असतं.

लाइटरूम वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तीन हजार रॉ फोटो इम्पोर्ट करताना स्मार्ट प्रिव्ह्यू तयार करून घ्या आणि परफॉर्मन्समध्ये एडिटिंगसाठी मूळ फाईलऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यू वापरा, अशी खूण करा. स्मार्ट प्रिव्ह्यूची लांब बाजू २५६० पिक्सलची असते, त्यामुळे जुनं मशीनही रंग आणि उजेड बदलताना पटकन प्रतिसाद देतं. एक्स्पोर्ट मूळ फाईलमधूनच होतं, फोटोचा दर्जा जात नाही. प्रिव्ह्यू रात्री जेवायला जाताना लावून द्या.

आणि जनरेटिव्ह फिल स्लो आहे म्हणून मशीनला शिव्या देऊ नका. ते काम तुमच्या कॉम्प्युटरवर होतच नाही, अडोबीच्या सर्व्हरवर होतं. तिथे रेंज आणि इंटरनेटचा वेग बघायचा.

धूळ, पत्रा आणि मे महिना

स्टुडिओ पत्र्याच्या गाळ्यात, बाहेर मातीचा रस्ता, मे महिन्यात पारा चाळिशीपार. प्रोसेसर ठराविक मर्यादेपलीकडे तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. सकाळी मशीन ठीक चालतं आणि दुपारी रखडतं, ही त्याची ओळख. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली स्पीडचा आकडा असतो. काम चालू असताना तो नेहमीपेक्षा बराच खाली आला की समजायचं.

कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा. मशीन बंद, प्लग काढलेला आणि पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर ते वेडंवाकडं गरगरतं. तीन-चार वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळते, ती बदलायला फार खर्च नाही. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. लॅपटॉपवाल्यांनी गादीवर ठेवून काम करू नये आणि चार्जर लावूनच एडिटिंग करावं, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग कमी ठेवतात.

क्रॅकचा विषय

सांगितलं तर राग येतो, पण सांगतो. फुकटातलं क्रॅक फोटोशॉप इन्स्टॉल करताना आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे दरवाजा आपणच उघडून देतो. अशा फाईलींबरोबर कधी कधी असा प्रोग्राम येतो जो तुमचा प्रोसेसर दुसऱ्याच्या कमाईसाठी, डिजिटल चलन काढायला वापरतो. काहीही उघडलेलं नसताना सीपीयू सतत सत्तर-ऐंशीवर राहत असेल तर हीच शंका घ्या आणि डेटा कॉपी करून विंडोज नव्याने टाका. त्याहून वाईट म्हणजे फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारे व्हायरस. दोन अँटीव्हायरस एकदम टाकणंही बरं नाही, दोघं एकमेकांच्या पायात येतात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो.

महिन्याचे पैसे परवडत नसतील तर गिम्प पूर्ण मोफत आहे, रॉ फोटोंसाठी डार्कटेबल आहे. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं आणि पीएसडी फाईल उघडतं. हात बसायला महिना जाईल, आणि जड अल्बमला फोटोशॉपची सर येणार नाही, हेही खरं. पासपोर्ट फोटो आणि छोट्या बॅनरचं काम मात्र आरामात निघतं.

तरीही नवीन घ्यायचंच असेल तर

रॅम १६ जीबी झाली, एसएसडी लागली, धूळ काढली आणि तरी सीपीयू शंभरावर जाऊन बसत असेल, तर प्रोसेसरचं वय झालं. आपल्याकडे शहरातल्या ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप बरेच विकले जातात. त्यात वाईट काही नाही, पण दुकानदार नुसतं “आय फाइव्ह आहे” म्हणाला की थांबा. आय फाइव्ह २०१२ चाही असतो आणि गेल्या वर्षीचाही. पुढचा नंबर विचारा. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, ८४०० म्हणजे आठवी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलमध्ये विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालतं, म्हणून त्याखालचं मशीन आता घेऊ नका. ग्राफिक्स कार्डवर गेमवाल्यांइतका खर्च करायची गरज नाही. लाइटरूमचं एआय डीनॉइज रोज वापरत असाल तरच चांगलं कार्ड बघा.

दुकानात जाताना तुमची सगळ्यात जड पीएसडी पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा. ती तिथल्या मशीनच्या डेस्कटॉपवर कॉपी करा, उघडा, पूर्ण पानावर गॉशियन ब्लर मारा, सेव्ह करा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजा. हेच घरच्या मशीनवर किती सेकंदांत होतं ते आधी एका कागदावर लिहून न्या.